ऑपरेशन करणारा हात किती तास जागा आहे?

सीमाभागातल्या ८६५ गावांमधील मराठी भाषकांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ द्यायचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला, तेव्हा दोन राज्यांत चांगलीच जुंपली. कर्नाटकने हरकत घेतली, महाराष्ट्राने प्रत्युत्तर दिलं, दोन्हीकडच्या नेत्यांची पत्रकं निघाली. वाद होता तो ऑपरेशनचे पैसे कोण देणार याचा. त्या ऑपरेशनला उभा राहणारा सर्जन आदल्या रात्री झोपला होता का, हे मात्र ना बेंगळुरूत कुणी विचारलं, ना मुंबईत.

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण ज्याच्या घरातलं माणूस ओटीच्या दारामागे आहे, त्याच्यासाठी तो किरकोळ नाही.

सीमाभागात रुग्णाची वाट राज्याच्या हद्दी पाहून ठरत नाही. चंदगडच्या वाडीतल्या माणसाला बेळगाव जवळ. अथणी, चिकोडीकडची माणसं पिढ्यान् पिढ्या मिरजेला जातात. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे दवाखाना उभारला, तेव्हापासूनची ही सवय. दोडामार्ग, सावंतवाडीची रुग्णवाहिका बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडे धावते. म्हणजे दोन-तीन राज्यांतल्या तालुक्यांचा भार मोजक्या चार-पाच शहरांतल्या ऑपरेशन थिएटरांवर येऊन पडतो. रस्त्यावरचा अपघात, फुटलेलं आतडं, अडलेलं बाळंतपण असे रात्री-अपरात्री येणारे रुग्ण बहुतेक वेळा आधी निवासी डॉक्टरांच्या हातात पडतात. निवासी डॉक्टर म्हणजे एमबीबीएस झालेले आणि एमएस किंवा एमडीचं शिक्षण घेत असलेले तरुण. त्यांच्यातलेच उद्याचे सर्जन.

या तरुणांना ताणाबद्दल आपल्याकडे शिकवलं काय जातं? बहुतेक ठिकाणी एकच वाक्य: ‘मन घट्ट कर, आम्हीही असेच शिकलो.’ हा सल्ला वाईट हेतूने दिलेला नसतो. पण ताण सांभाळण्याची ती पद्धत नव्हे. शल्यचिकित्सेतला ताण ही व्यक्तीच्या धीराची परीक्षा नसून रुग्णाच्या सुरक्षिततेचा भाग आहे. त्यातला काही भाग शिकवता येतो, काही भाग ड्युटीच्या तक्त्याने सुटतो, आणि काही भाग समाजाने आणि सरकारने सोडवायचा आहे. आज तिन्ही ओझी एकट्या डॉक्टरच्या डोक्यावर आहेत.

ताणात नेमकं होतं काय?

थोडा ताण सर्जनला हवाच असतो. त्याने लक्ष एकवटतं, हात चपळ होतात. पण तो एका मर्यादेपलीकडे गेला की उलटं होतं. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, बोटांची बारीक हालचाल बिघडते. त्याहून धोक्याचं म्हणजे नजर अरुंद होते. समोरच्या एका रक्तवाहिनीवर डोळे खिळतात आणि मॉनिटरवर घसरत चाललेला रक्तदाब दिसत नाही. भूलतज्ज्ञ काहीतरी सांगत असतात, ते कानावर पडतं पण डोक्यात शिरत नाही. एका वेळी मनात धरून ठेवायच्या गोष्टी कमी होतात, आणि माणूस चालत नसलेलीच युक्ती पुन्हा पुन्हा करत राहतो.

दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन घ्या. आज तालुक्याच्या गावातही ते होतं. त्यातली सगळ्यात मोठी भीती असते ती मुख्य पित्तनलिका चुकून कापली जाण्याची. ती टाळायचा नियम सर्जनांना पाठ असतो: पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, स्वच्छ मोकळ्या दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही, कात्री चालवायची नाही. नियम साधा आहे. पण सूज असेल, रक्ताने कॅमेरा सारखा माखत असेल आणि बाहेर अजून तीन केसेस ताटकळत असतील, तर ‘हीच ती नळी’ असं मन स्वतःलाच पटवून देतं. डॉक्टरला नियम येत नव्हता म्हणून अशी चूक होते असं नाही. अनेकदा थांबायचं तिथे तो थांबलेला नसतो.

कॅनडातल्या टोरंटो इथल्या सर्जन कॅरल-अ‍ॅन मोल्टन यांनी अनुभवी सर्जनांचा अभ्यास करून हीच गोष्ट मांडली. चांगला सर्जन सरसकट सावकाश काम करत नाही. नेहमीच्या टप्प्यांत तो सराईतपणे पुढे जातो, पण धोक्याच्या जागी जाणीवपूर्वक वेग कमी करतो, गप्पा थांबवतो, गाणं बंद करायला सांगतो. ही जाणीव ताणात आणि थकव्यात बोथट होते.

मनाची तयारी शिकवता येते

क्रिकेटपटू फलंदाजीला उतरण्याआधी डोळे मिटून बसलेला दिसतो, गवय्या मैफिलीआधी मनातल्या मनात राग आळवतो. सर्जनची तयारीही तशीच करता येते, आणि याला आता पुरावाही आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २० नवशिक्यांचे दोन गट केले. एका गटाने संगणकावरच्या आभासी पित्ताशय-शस्त्रक्रियेआधी प्रत्येक वेळी अर्धा तास मनात सराव केला, दुसऱ्या गटाने तेवढा वेळ व्याख्यान ऐकलं. मनात सराव करणाऱ्यांचं काम सरस ठरलं. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यास लहान होता आणि रुग्ण खरा नव्हता, हे खरं. पण या सरावाला खर्च शून्य येतो. लागतो तो अर्धा तास, आणि आपल्याकडच्या निवासी डॉक्टरला नेमका तोच मिळत नाही.

मनातला सराव म्हणजे नुसतं ‘सगळं चांगलं होईल’ म्हणणं नव्हे. टप्पे क्रमाने डोळ्यांसमोर आणायचे: कुठे छेद घ्यायचा, हाताला ऊतक कसं लागेल, कुठे रक्त येऊ शकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बिघडलं तर काय. अचानक रक्तस्राव झाला तर पहिली हालचाल ठरलेली हवी. बोटाने किंवा गॉजने दाब द्यायचा. भूलतज्ज्ञांना मोठ्याने सांगायचं. सक्शन आणि रक्ताची पिशवी मागवायची. दोन संथ श्वास घ्यायचे आणि मगच आत पाहायचं. दाब धरून थांबलेल्या त्या मिनिटात हृदयाचे ठोके खाली येतात आणि डोकं पुन्हा काम करू लागतं. वरिष्ठांना बोलवायची वेळ कोणती, हेही आधीच ठरलेलं असेल तर हाक मारण्यात कमीपणा वाटत नाही.

दुसरं साधन सगळ्यांच्या ओळखीचं आहे, पण अनेक ठिकाणी ते कागदावरच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची सुरक्षित शस्त्रक्रियेची यादी दिली. तिचे टप्पे तीन: भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्ण ओटीतून बाहेर नेण्याआधी. या उपक्रमाचं नेतृत्व अमेरिकेतले सर्जन डॉ. अतुल गावंडे यांनी केलं. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले आणि गुंतागुंतीचं प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

वरवर ही यादी म्हणजे विसराळूपणावरचा उपाय वाटते. प्रत्यक्षात ती ताणावरचाही उपाय आहे. छेद घेण्याआधी अर्धं मिनिट सगळे थांबतात, आपलं नाव आणि काम सांगतात, रक्त किती जाईल, अडचण कुठे येईल हे सर्जन बोलून दाखवतो. त्यामुळे सगळं एकट्याच्या डोक्यात राहत नाही. एकदा नाव घेऊन बोललेली स्क्रब नर्स पुढे ‘सर, एक गॉज कमी आहे’ हेही निर्धास्त सांगू शकते.

पण यादी भिंतीवर लावली म्हणजे काम झालं असं नाही. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात १०१ रुग्णालयांत ती लागू केल्यावर मृत्यू किंवा गुंतागुंतीत लक्षणीय घट दिसली नाही, असा अभ्यास २०१४ मध्ये आला. वरून हुकूम आला म्हणून टिकमार्क करणं आणि खरोखर थांबून बोलणं, यात केवढा फरक पडतो हे त्यातून दिसतं. आपल्याकडे ऑपरेशन संपल्यावर सगळे रकाने एकदम भरण्याची सवय किती ठिकाणी आहे, हे ओटीत काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट विश्रांतीची, तीही ऑपरेशन चालू असताना. जर्मनीतल्या हॅनोव्हर इथे लहान मुलांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांमध्ये दर २५ मिनिटांनी ५ मिनिटं थांबून पाहिलं. सर्जनच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक कमी झालं आणि ऑपरेशनचा एकूण वेळ वाढला नाही. ‘थांबलो तर उशीर होईल’ हा समज निदान तिथे तरी खोटा ठरला.

प्राणायाम झोपेची जागा घेत नाही

हल्ली वैद्यकीय महाविद्यालयांत ताणमुक्तीची शिबिरं भरतात. योग होतो, ध्यान होतं, फोटो येतात. यात वावगं काही नाही. ध्यानधारणेचा निवासी सर्जनांना उपयोग होतो असं अमेरिकेतल्या काही अभ्यासांत दिसलंही आहे. पण ३० तास जागलेल्या माणसाला श्वासाचे व्यायाम सांगणं म्हणजे उपाशी माणसाला सावकाश चावून खा म्हणून सांगण्यासारखं आहे.

जागरणाचा हिशेब विज्ञानाने केव्हाच मांडला आहे. १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगानुसार, सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते. २४ तास जागल्यावर ती ०.१० टक्क्याएवढी होते. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्या अवस्थेत पोलीस स्कूटरची चावी काढून घेतील, त्याहून वाईट अवस्थेत आपण माणसाच्या हातात चाकू देतो.

नियम नाहीत असं नाही. १९९२ च्या केंद्र सरकारच्या निवासी डॉक्टर योजनेत दिवसाला साधारण १२ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सांगितली होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमांत ‘वाजवी’ कामाचे तास आणि विश्रांतीला ‘वाजवी’ वेळ असे शब्द आहेत. आकडा नाही. वाजवी म्हणजे किती, हे शेवटी ज्याच्या हातात ड्युटीचा तक्ता तो ठरवतो.

याच आयोगाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय कृतिदलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यासाठी झालेल्या ऑनलाइन पाहणीत ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. त्यातले ४५ टक्के आठवड्याला ६० तासांहून जास्त काम करत होते आणि निम्म्याहून अधिक जणांना साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. कृतिदलाने शिफारस केली ती आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची: एक २४ तासांची ड्युटी, पाच दिवस १०-१० तास आणि एक दिवस सुट्टी. शिवाय रोज सात-आठ तासांची झोप.

७४ तास हा आकडाही काही थोडा नाही. कारखान्यातला कामगार आठवड्याला ४८ तास काम करतो, युरोपात डॉक्टरांनाही सरासरी ४८ तासांचीच मर्यादा आहे. अमेरिकेत ती ८० तासांची, आणि तीही फुकट मिळालेली नाही. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी दगावली. तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर किती तास सलग कामावर होते, हा प्रश्न तिच्या वडिलांनी लावून धरला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ८० तासांची मर्यादा घातली, २००३ मध्ये ती देशभर आली.

यावर वरिष्ठ सर्जनांचा एक आक्षेप असतो आणि तो खोडसाळ नाही. तास कमी केले तर हात कधी बसणार? आणि दर शिफ्टला रुग्ण एकाकडून दुसऱ्याकडे सोपवताना माहिती गळते, त्याचं काय? अमेरिकेत ११७ सर्जरी प्रशिक्षण केंद्रांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, सलग ड्युटीची मर्यादा शिथिल केली तरी रुग्णांचे मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत वाढली नाही, असं २०१६ मध्ये दिसून आलं. आक्षेप घेणारे याचा दाखला देतात. पण त्या चाचणीत आठवड्याची ८० तासांची कमाल मर्यादा दोन्ही गटांना लागू होती, हे सांगायचं राहून जातं. आपल्याकडे मूळ मर्यादाच पाळली जात नाही. शिवाय निवासी डॉक्टरच्या ‘शिकण्याच्या’ तासांतला केवढा वेळ रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोचवण्यात, फाइली भरण्यात आणि स्ट्रेचर ढकलण्यात जातो, हे कुठल्याही सरकारी वॉर्डात तासभर बसलं की कळतं. ही कामं माणसं नेमून काढून घेतली तर तास कमी होऊनही ऑपरेशनं कमी होणार नाहीत. म्हणजे प्रश्न फिरून रिक्त पदांवर येतो.

ऑपरेशन फसल्यानंतरची रात्र

ऑपरेशनआधीच्या तयारीबद्दल थोडं तरी बोललं जातं. ऑपरेशन फसल्यानंतर सर्जनचं काय होतं, याबद्दल कुणी बोलत नाही.

रुग्ण टेबलावर गेला तर पहिला बळी रुग्ण आणि त्याचं घर. त्यात शंका नाही. पण अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये ‘दुसरा बळी’ असा शब्द वापरला, तो उपचार करणाऱ्यासाठी. झोप उडते, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत राहतो, पुढच्या वेळी तसंच ऑपरेशन समोर आलं की हात आखडतो. काही जण गरज नसताना तपासण्या वाढवतात, काही जण अवघड केस दुसऱ्या गावाला पाठवून मोकळे होतात. ‘इथे होणार नाही, पुढे न्या’ हे वाक्य सीमाभागातल्या किती कुटुंबांनी मध्यरात्री ऐकलं असेल! त्यामागे कधी यंत्रसामग्री नसते, कधी भूलतज्ज्ञ नसतो. आणि कधी आधीच्या एका मृत्यूने खचलेलं मन असतं.

अमेरिकेत ७,९०५ सर्जनांच्या पाहणीत ६.३ टक्के जणांच्या मनात त्या वर्षभरात आयुष्य संपवण्याचा विचार येऊन गेला होता. त्यातल्या जेमतेम २६ टक्क्यांनी मानसोपचाराची मदत घेतली. सुमारे ६० टक्के जण परवान्यावर परिणाम होईल या भीतीने मदत मागायला कचरत होते. पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. देश वेगळा आहे, पण ही भीती आपल्याकडेही परकी नाही. डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो हे गावात कळलं तर रुग्ण काय म्हणतील, हा विचार छोट्या शहरात जास्तच टोचतो.

चूक नेमकी कुठे झाली हे शांतपणे शोधण्याची व्यवस्था नसली की काय होतं, याचा धडा कर्नाटकातच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात सीझर झालेल्या बाळंतिणी एकामागोमाग दगावल्या. अशा वेळी संशयाची पहिली सुई साहजिकच चाकू धरणाऱ्यांकडे वळते. पुढे बोट सलाइनच्या दर्जाकडे वळलं, त्या कंपनीचं सलाइन वापरणं सरकारने थांबवलं, राज्याच्या औषध नियंत्रकांवर निलंबनाची कारवाई झाली. बाळंतिणींच्या घरांचं नुकसान कशानेच भरून येणारं नाही. पण कारण ओटीच्या बाहेर, खरेदीच्या साखळीत असू शकतं, हे ध्यानात ठेवायला हवं. डॉक्टरला आधी दोषी ठरवून टाकलं की खऱ्या कारणाचा माग निघत नाही, आणि तेच सलाइन पुढच्या बाईला लागतं.

म्हणून मृत्यू आणि गुंतागुंतीचा आढावा घेणारी बैठक प्रत्येक रुग्णालयात ठरलेल्या दिवशी व्हायला हवी. मोठ्या शिक्षण रुग्णालयांत ती होते. पण तिथे ‘कुणी केलं?’ हा प्रश्न आधी येतो आणि ‘कसं झालं?’ हा नंतर. क्रम उलटा केला की तीच बैठक शिक्षाही राहत नाही आणि सारवासारवही. त्याबरोबर एक साधा नियम: टेबलावर मृत्यू झाला तर त्या सर्जनने लगेच पुढची केस घ्यायची की नाही, हे त्याच्या शौर्यावर सोडू नये. वरिष्ठाने त्याला बाजूला घ्यावं, चहा द्यावा, दहा मिनिटं बोलावं आणि मग ठरवावं. लहान गावात दुसरा सर्जनच नसेल, तर निदान तातडीची नसलेली ऑपरेशनं त्या दिवसापुरती पुढे ढकलावीत.

थरथरणारा हात आणि कायदा

जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००५ मध्ये एक गोष्ट स्पष्ट केली. कायद्याच्या भीतीने हात थरथरत असतील तर सर्जन यशस्वी ऑपरेशन करू शकणार नाही, अशा आशयाचं निरीक्षण त्या निकालात आहे. डॉक्टरवर फौजदारी खटला चालवायचा तर निष्काळजीपणा ढळढळीत असायला हवा आणि आधी तटस्थ वैद्यकीय मत घ्यायला हवं, असं न्यायालयाने सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना तसं घडलं तर ती दोन वर्षांपर्यंत आहे.

याचा अर्थ डॉक्टरला माफी आहे असा नाही. भरपाईचा दावा ग्राहक आयोगात करता येतो, तक्रार वैद्यकीय परिषदेकडे नेता येते. रुग्णाचा हा हक्क कमी करण्याचं कारण नाही. पण तक्रार वेगळी आणि मारहाण वेगळी. कर्नाटकाने २००९ मध्ये, महाराष्ट्राने २०१० मध्ये आणि गोव्याने २०१३ मध्ये डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदे केले. सीमेच्या तिन्ही बाजूंना कायदा आहे, तरी कॅज्युअल्टीच्या काचा फुटायच्या थांबलेल्या नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात प्रदीर्घ ड्युटीवर असलेल्या प्रशिक्षणार्थी डॉक्टरवर अत्याचार करून तिची हत्या झाली. ती रात्री सभागृहात विसावली होती. डॉक्टरला झोपायला सुरक्षित खोली असणं किती गरजेचं आहे, हे देशाला तेव्हा कळलं.

जून २०२५ मध्ये बांबोळीत आरोग्यमंत्र्यांनी कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला कॅमेऱ्यासमोर फैलावर घेतलं. निलंबनाचा हुकूम सुटला, डॉक्टर आंदोलनाला उभे राहिले. मुख्यमंत्र्यांनी निलंबन होणार नाही असं जाहीर केलं आणि मंत्र्यांनी माफीही मागितली. तक्रार खरी होती की नव्हती, हा मुद्दा वेगळा. ती कॅमेऱ्यासमोर निकालात काढल्याने त्याच रात्री ड्युटीवर येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने काय धडा घेतला असेल, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या हातात काय आहे?

सगळं सरकारवर सोडून चालणार नाही आणि सगळं डॉक्टरवरही नाही. बेळगाव, कोल्हापूर, मिरज, गोवा इथल्या मोठ्या रुग्णालयांनी ठरवलं तर तीन गोष्टी नव्या कायद्याविना करता येतील. निवासी डॉक्टरांचा ड्युटीचा तक्ता विभागाच्या फलकावर लावायचा आणि त्यात रात्रपाळीनंतरची सुट्टी दाखवायची. सुरक्षा यादी छेद घेण्याआधी मोठ्याने वाचायची, मराठीत, कन्नडमध्ये, कोकणीत, ज्या भाषेत ओटीतला सगळ्यात कनिष्ठ माणूसही बोलू शकेल त्या भाषेत. आणि अघटित घडल्यावर डॉक्टरशी बोलायला एक वरिष्ठ आधीच नेमून ठेवायचा.

नातेवाइकांनाही विचारता येतं. ‘डॉक्टर, तुम्हाला जमेल ना?’ असं नव्हे. त्याने फक्त मन दुखावतं. विचारावं ते असं: ऑपरेशन कोण करणार, वरिष्ठ हजर असतील का, भूल कोण देणार, अडचण आली तर पुढची सोय कुठे आहे? ऑपरेशन आठ-पंधरा दिवस थांबू शकणारं असेल आणि डॉक्टर म्हणाले की रात्री नको, उद्या सकाळी करू, तर ती टाळाटाळ समजू नये. विश्रांती घेऊन काम करणारा सर्जन मिळतो आहे, असं समजावं. डॉक्टरांनीही ऑपरेशनआधी धोका नातेवाइकांना त्यांच्या भाषेत सांगावा. कन्नड किंवा इंग्रजी संमतीपत्रावर मराठी माणसाची न वाचता घेतलेली सही कोर्टात कदाचित टिकेलही, पण काही बिघडलं तर दारापुढचा गोंधळ ती थांबवत नाही.

डॉक्टर असो वा रुग्णाच्या घरचा माणूस, मन फार जड झालं असेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे आणि मराठी, कन्नडसह अनेक भाषांत बोलता येतं. तिथे फोन करणाऱ्या सर्जनचा हात कमकुवत ठरत नाही. जगभरातले डॉक्टर ज्या जिनिव्हा प्रतिज्ञेकडे पाहतात, तिच्यात २०१७ मध्ये एक नवी ओळ आली. उत्तम सेवा देता यावी म्हणून डॉक्टरने स्वतःच्या आरोग्याचीही काळजी घ्यावी, असा तिचा अर्थ.

ऑपरेशनचे पैसे बेंगळुरू देणार की मुंबई, हा वाद पुढेही चालू राहील. पण राष्ट्रीय कृतिदलाचा ७४ तासांचा आकडा दोन वर्षांपूर्वीच्या अहवालात नुसता पडून राहू नये. सीमेच्या कोणत्या बाजूच्या कोणत्या रुग्णालयात तो पाळला जातो, याची यादी कुणीतरी मागायला हवी. आमदार विधानसभेत मागू शकतो, पत्रकार विचारू शकतो, माहितीच्या अधिकारात साधा नागरिकही अर्ज करू शकतो. अर्जात प्रश्न एकच लिहायचा: गेल्या महिन्यात तुमच्या सर्जरी विभागातल्या निवासी डॉक्टरांना साप्ताहिक सुट्ट्या किती मिळाल्या?